पुढचं मावणार नाही

"खालचं मावणार नाही," मी म्हणालो आणि हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी म्हणतो. दारावरच्या पाट्या, शाळेतले करंडक, निवृत्त होणाऱ्यांची तबकं, थडग्यांवरचे पितळी पत्रे. लोक मनात पानभर मजकूर घेऊन येतात आणि पत्रा असतो वीतभर. मग 'अत्यंत' काढा, 'प्रेमळ' काढा, दोन जावयांपैकी एकाचं नाव काढा, असं करत करत मी त्यांना ताळ्यावर आणतो. माणसं रागावतात, घासाघीस करतात, शेवटी ऐकतात. हात बसलाय. पण आज चिठ्ठी पुढे करणारी माझी मुलगी होती. ती दुकानात सात महिन्यांनी आली होती. आणि हेच वाक्य, ह्याच मजकुराबद्दल, ह्याच टेबलामागे बसून मी एकतीस वर्षांपूर्वी तिच्या आजोबांना ऐकवलं होतं. ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तोंडातून काही निसटलं की माणूस नुसताच खोकतो, तसा मी खोकलो.

"मग पत्रा मोठा घ्या," ती म्हणाली. ती गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी होती. स्टूल पुढे सरकवलं तरी बसली नाही.

"कुठे लावायचाय?"

"नव्या घरात. आत आलं की समोर." मग तिने पर्सची चेन उगाच उघडली, बंद केली. "लग्न करतेय. येत्या रविवारी. प्रार्थनाघरात, चार माणसांत."

"कोणाशी?"

"चष्म्याच्या काचा घासतो तो. तुम्ही बघितलंय त्याला. आई गेली तेव्हा खुर्च्या उचलत होता."

मला खुर्च्या आठवल्या, माणूस आठवेना. "मग मी..." एवढं म्हणून मी थांबलो, कारण त्या वाक्याला पुढे काय जोडायचं ते मला माहीत नव्हतं.

"तुमच्या येण्याचं काय ते पत्रा झाल्यावर बोलू," ती म्हणाली. "शनिवारी मी घरी आहे. पत्ता चिठ्ठीच्या मागे आहे." आणि ती गेली. दुकानाच्या काचेतून मी तिला रस्ता ओलांडताना बघितलं. तिची चाल हुबेहूब आईची, घाईत असली तरी घाई न दाखवणारी. लहानपणी ती मला 'तू' म्हणायची. बाबा तू ये, बाबा तू दे. 'तुम्ही' कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. एक दिवस मी 'तुम्ही' झालेलो होतो, आणि मला वाटलं, चला, पोरगी मोठी झाली, वळण लागलं. ह्यावरून मी कसा माणूस आहे ते कोणालाही कळेल.

चिठ्ठीतलं वरचं वाक्य मला डोळे मिटून कोरता येतं. 'आपण एकमेकांच्या नजरेआड असू, तेव्हा परमेश्वर तुझ्या-माझ्यावर नजर ठेवो.' बायबलातलं वचन. घरी पुढच्या खोलीत, खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर ते एकतीस वर्षं आहे, माझ्याच हातचं. आलेगेलेले लोक ते वाचून 'किती छान' म्हणायचे आणि काही जण दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तसंच मागायचे. परदेशी निघालेल्यांच्या घड्याळांच्या पाठीवर, साखरपुड्याच्या बदामी लॉकेटांवर, विधवांनी आणलेल्या पत्र्यांवर, शंभरेक वेळा तरी माझ्या हातून ते गेलं असेल. मी ते प्रेमाचं समजत आलो आणि प्रेमाचं म्हणूनच विकत आलो. खालचं वाक्य मात्र मी आज पहिल्यांदा वाचत होतो. खरं म्हणजे पहिल्यांदा नव्हे. एकतीस वर्षांपूर्वी वाचलं असणारच, कारण न वाचता कापता येत नाही. पण आमच्या धंद्यात वाचणं म्हणजे अक्षरं मोजणं. ळ पसरतो, जोडाक्षराला दीड घर लागतं, रफार वरच्या ओळीत घुसतो. असं मोजताना अर्थ कानाशी येतो आणि आत न शिरता जातो. 'तू माझ्या मुलींना छळलंस, तर जवळ दुसरं कोणी नसलं तरी ध्यानात ठेव, तुझ्या-माझ्यामध्ये देव साक्षी आहे.' मी ते तीनदा वाचलं. मग सवयीने अक्षरं मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

माझे सासरे एका गोदामावर रखवालदार होते. बुटके, गप्प, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. पहाऱ्यावर बसल्या बसल्या त्यांनी बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कितीदा वाचलं होतं ते त्यांनाच ठाऊक, आणि मध्येच कुठून तरी उघडून वाचणाऱ्यांवर त्यांचा राग होता. आमच्याकडे पद्धत अगदी उलटी. माझ्या आईपाशी वचनांची डबी होती. तिच्यात विडीएवढ्या सुरळ्या करून उभ्या ठेवलेल्या दोनशे चिठ्ठ्या आणि एक छोटा चिमटा. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची, त्यातलं वचन त्या दिवसापुरतं आपलं. नको ते निघालं तर आई ती गुपचूप परत खोचून दुसरी काढायची. लग्न ठरवायला सासरे आमच्याकडे आले तेव्हा तिने मोठ्या मानाने डबी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चिमट्याने एक सुरळी काढली, उलगडली, वाचली आणि विचारलं, "ह्याच्या आधी काय होतं?" आई गोंधळली. "आधीचं दुसऱ्या चिठ्ठीत असेल," म्हणाली. मी हसलो. ही, म्हणजे तेव्हाची नवरी मुलगी, तिलाही हसू आलं होतं, पण तिने वडलांकडे बघून ते गिळलं. सासरे हसले नाहीत. त्यांनी सुरळी पुन्हा घट्ट वळून होती तिथे ठेवली.

लग्नाला पंधरा दिवस होते तेव्हा ते दुकानात आले. चिठ्ठी पुढे केली, वीतभर पत्रा पसंत केला. मी म्हणालो, खालचं मावणार नाही. किती मावेल, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वरचं एक वाक्य. तेच तर महत्त्वाचं आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पिशवीकडे रखवालदार बघतो, तसं. "असू दे," ते म्हणाले, "ज्याला वाचायचंय तो पुढचं वाचेल." कोणासाठी आहे, मी सहज विचारलं. "आहे एक माणूस. अजून नीट ओळख नाही." मला वाटलं त्यांचा कोणी साहेब निवृत्त होत असेल. लग्नाच्या दिवशी माझंच कोरलेलं त्यांनी माझ्याच हातात ठेवलं, आणि मी सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली. ते ताठ उभे राहिले. मी मनात म्हटलं, बुजरा माणूस आहे. नंतर सहा वर्षांनी ते गेले. त्या सहा वर्षांत आमच्या घरी ते आले की खुर्चीत बसून आधी पाटीकडे बघायचे, मग लेकीकडे. मग चहा घ्यायचे.

त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं. घरी आलो आणि पाटीसमोर न बसता स्वयंपाकघरात गेलो. तिथे फळीवर, डब्यांच्या शेजारी, माझ्या बायकोचं बायबल आहे. ती गेल्यापासून दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. पुसताना त्याच्याभोवतीने फडकं फिरवायचो. अध्याय शोधावा लागलाच नाही. पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. बाकीची पानं कोरी करकरीत आणि हीच तेवढी हाताळून हाताळून मऊ पडलेली, कडा मळलेल्या. मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचायला लागलो, मग तिच्या बुटक्या स्टुलावर बसलो.

गोष्ट एका सासऱ्याची आणि जावयाची. जावई दोन्ही लेकी, पोरंबाळं आणि गुरंढोरं घेऊन न सांगता निघालाय. सासरा सात दिवस पाठलाग करून त्याला डोंगरात गाठतो. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. वीस वर्षांची उणीदुणी निघतात. शेवटी दगडांचा एक ढीग रचतात आणि सासरा म्हणतो ते हे वचन. मी आता तुझ्यामागे असणार नाही, माझ्या मुलींशी तू कसा वागतोस ते मला दिसणार नाही, तेव्हा बघणारा तो आहे, सांभाळून राहा. वर आणखी, हा ढीग ओलांडून मी तुझ्याकडे येणार नाही, तू ओलांडून माझ्याकडे येऊ नकोस. मुलीने चिठ्ठीत मधलं एक वाक्य गाळलं होतं, दुसऱ्या बायका करण्याबद्दलचं. तो आरोप माझ्यावर नव्हताच. तेवढी तिने मेहेरबानी केली होती. नजर ठेवो. शेजारणीला 'जरा पोराकडे नजर ठेवा' म्हणणारी बाई आणि रखवालदाराला 'त्या माणसावर नजर ठेव' म्हणणारा मालक, दोघांच्या तोंडी तेच दोन शब्द असतात. कोणता अर्थ ते आधीचं आणि पुढचं वाचल्यावर कळतं. आणि माझ्या सासऱ्यांनी तर आयुष्यभर नजर ठेवण्याची नोकरी केली होती. त्यांनी ते शब्द कोणत्या अर्थाने लिहून आणले असतील ह्याची शंका घ्यायला जागाच नव्हती.

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. छळ? मी? मी बायकोवर कधी हात उगारला नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, बाहेरख्यालीपणा नाही. आवाजसुद्धा कधी चढवला नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, तुमच्या घरात माणसं राहतात का नाही ते कळत नाही. हे मी कौतुक म्हणून घ्यायचो. मला राग आला की मी गप्प बसायचो, एवढंच. त्याला अबोला म्हणतात आणि तो घरोघरी असतो. कोणाचा दोन दिवस, कोणाचा चार. माझा जरा लांबायचा. पहिल्या वर्षी आठवडा. नंतर महिना. मला त्यात एक प्रकारची हातोटीच आली होती. ती जेवण वाढायची, मी जेवायचो, भांडं जागेवर ठेवायचो, पुढच्या खोलीत येऊन पाटीसमोर बसायचो. ती स्वयंपाकघरात. मधला उंबरठा कोणीच ओलांडायचं नाही. पहिले काही दिवस ती काहीबाही विचारत राहायची, अहो, ऐकलंत का, अहो, झालं तरी काय. मग तीही थांबायची. ती थांबली की मला जिंकल्यासारखं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटायचं खरं.

सगळ्यांत लांबला तो पाच महिने. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. माझी एक कोरणी होती, बारीक अक्षरांची, पोलादी, मूठ माझ्या तळहाताला बसलेली. मी ती घरी आणली होती, आणि हिने एका डब्याचं गच्च बसलेलं झाकण उघडायला ती वापरली. टोक तुटलं. तिने स्वतःच येऊन सांगितलं, ओल्या हातात दोन्ही तुकडे घेऊन. मी कोरणी घेतली आणि काही बोललो नाही. पाच महिने. त्या पाच महिन्यांत घरातलं सगळं बोलणं पोरीमार्फत चालायचं. "बाबांना सांग, पानं घेतलीत." "आईला सांग, मला उशीर होईल." दहा पावलांचं अंतर, आणि तेवढ्यात ती निरोप घेऊन ये-जा करायची. आधी तिला ती गंमत वाटायची, पळत यायची. नंतर चालत. मग दारातच उभी राहून, कोणाकडेही न बघता, एका सुरात वाक्य म्हणून टाकायची. आईच्या तोंडचं वाक्य माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातली आई निघून गेलेली असायची. नुसती अक्षरं उरायची, आणि मी ती घ्यायचो. एकदा ती म्हणाली, "बाबांना सांग, माझं चुकलं." मी विचारलं, "कोण म्हणालं?" तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "मला आता आठवत नाही."

ओट्यापाशी बसून मी पानं मागे उलटायला लागलो. मागचं-पुढचं वाचायचंच तर नीट वाचू, असा माझा आव होता. खरं म्हणजे मला सुटायची वाट हवी होती. आणि सापडली की! हा सासरा अव्वल लबाड निघाला. धाकटीचं लग्न ठरवून अंधारात थोरली पाठवून दिली, दर थोड्या दिवसांनी मजुरीची बोली फिरवली, जावयाला वीस वर्षं राबवून घेतलं. मी मांडीवर थाप मारली. ह्या माणसाने मला शिकवावं? असल्या बापाच्या तोंडची धमकी माझ्या भिंतीवर एकतीस वर्षं? एकटाच असताना मी मोठ्याने 'वा' म्हणालो. मग तिथून पुन्हा पुढे येत गेलो, जावई दोघी बहिणींना शेतात बोलावून विचारतो तिथे, की निघायचं का? आणि त्या म्हणतात, बापाच्या घरात आता आमचं काय राहिलंय? तो आम्हांला परकंच समजतो ना?

मी बोट त्या ओळीवर ठेवलं. जावई म्हणून पळालो होतो, तो बाप म्हणून सापडलो. इथे बघणाराही कोणी नव्हता आणि धमकी देणाराही नव्हता. दोन बायका शेतात उभ्या राहून साधं विचारत होत्या. मला ती दारात उभी राहिलेली आठ वर्षांची पोर दिसली. पुढे काही वाचवलं नाही. पुस्तक मिटलं, फळीवर ठेवलं आणि कितीतरी वेळ त्या स्टुलावर बसून राहिलो. किती बुटकं होतं ते. ही त्यावर बसून काय काय करत असेल ते मी कधी बघितलंच नव्हतं. शेवटच्या आजारात मी रोज दवाखान्यात तिच्या उशाशी बसायचो, सकाळपासून भेटीची वेळ संपेपर्यंत. परिचारिका म्हणायची, किती करता हो तुम्ही. मी तेव्हाही गप्पच होतो. राग नव्हता कसलाच. बोलायचं कसं तेच आठवत नव्हतं. एकदा तिने डोळे उघडून विचारलं, "आता कशाबद्दल?" मी मान हलवली, कशाबद्दलच नाही. तिने पुन्हा डोळे मिटून घेतले. तिला ते पटलं की नाही ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठा पत्रा काढला. दुकानात आता कोरायचं यंत्र आहे. मजकूर भरा, बटण दाबा, पंधरा मिनिटांत काम हातात. मी हाताने करायचं ठरवलं. वरचं वाक्य सवयीने झरझर झालं. खालचं मात्र हलेना. 'छळलंस' हा शब्द कोरताना मला जे झालं ते कसं सांगू? ह्या शब्दातले छ आणि ळ दोन्ही पसरतात. दोनदा आखणी पुसली. एका गिऱ्हाइकाने डोकावून वाचलं आणि म्हणाला, "लग्नाचं आहे? जरा जास्तच कडक नाही वाटत?" मी म्हटलं, "नुसतं वरचं घेतलं तर गोड आहे." तो म्हणाला, "मग नुसतं वरचंच करा की." मी त्याला त्याचा करंडक दिला आणि वाटेला लावला. चार दिवस लागले. बारीक अक्षरांना मी तीच जुनी कोरणी वापरली. ती मूळच्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आखूड आहे, पण चालते छान. ह्या चार दिवसांत आपण जायचं का, तिथे काय बोलायचं, तिने नाहीच म्हटलं तर कोणत्या तोंडाने परत यायचं, हेच डोक्यात चालू होतं. जगात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि ते मला पत्र्याच्या मापावर तोलणार होतं.

शनिवारी घरून निघताना भिंतीवरची जुनी पाटीही काढली. चार स्क्रू गंजून बसले होते. पाटीखालची भिंत उरलेल्या भिंतीपेक्षा उजळ होती.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, अजून खोकी उघडायची होती. तो काचा घासणारा घरात नव्हता. बाहेर पाठवला असणार. तिने कागद सोडून पत्रा खिडकीपाशी नेला आणि ओळीवर बोट फिरवत सावकाश वाचला. आपलं काम कोणी तपासत असलं की मी हात मागे बांधतो, तसे बांधून उभा राहिलो.

"सगळं मावलं," ती म्हणाली.

"पत्रा मोठा घेतला."

"हं."

"त्याला राग नाही येणार? पहिल्याच दिवशी असं..."

"त्याला दाखवलंय. तो म्हणाला, बरं झालं, आधीच कळलं." ती किंचित हसली. मग जुनी पाटी दिसली तशी तिचं हसू गेलं. "ही कशाला आणलीत?"

"तुझ्या आजोबांनी दोन्ही वाक्यं आणली होती," मी म्हणालो. "खालचं मी कापलं. मावत नाही म्हणालो. मोठा पत्रा होता दुकानात. मला आखणी पुन्हा करायचा कंटाळा आला होता." हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं, मलासुद्धा ते त्या क्षणीच आठवलं. "तुला हे खालचं कोणी दाखवलं?"

"आईने. अजून कोण दाखवणार?" ती एका खोक्यावर बसली. "तुमचा अबोला सुरू झाला की संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरात घेऊन बसायची आणि हा सगळा अध्याय वाचून दाखवायची. आधीपासून. एक लेक बापाच्या मूर्ती चोरते आणि उंटाच्या खोगिरात लपवून वर बसून राहते ना, ते मला फार आवडायचं. मी हसायचे. आई म्हणायची, हळू हस."

मी पुढच्या खोलीत बसून ते हसू ऐकलं होतं. मला वाटायचं, दोघी मिळून मला हसतायत, आणि अबोला आणखी चार दिवस लांबायचा. मी तिला तसं सांगितलं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मी त्याच संध्याकाळी वाचलं," मी म्हणालो. "आधीचंही वाचलं. शेतातलं. बाप आम्हांला परकं समजतो, ते." माझा आवाज मला ओळखू येईना. "माझं चुकलं. हा निरोप नाही. मीच सांगतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अचानक, कपाळाला आठी घालून, आठ वर्षांची असताना विचारायची तसं तिने विचारलं, "बाबा, तू शेवट वाचलाच नाहीस ना?"

नव्हता वाचला. पुन्हा मी अर्ध्यावरच पुस्तक मिटलं होतं. आणि ती 'तू' म्हणाली होती. तिला ते कळलं नसावं. मी हलायला घाबरलो.

"आई शेवटाशिवाय उठू द्यायची नाही," ती म्हणाली. "म्हणायची, इथे थांबलीस तर वाईट स्वप्नं पडतील. पुढचं ऐक. दोघं त्या ढिगापाशी बसून जेवतात. दुसऱ्या दिवशी बाप पहाटे उठतो, मुलींचे मुके घेतो, त्यांना आशीर्वाद देतो..." ती थांबली. ती वाट बघत होती, आणि कशाची ते मला कळत होतं, आणि ते कसं करतात ते मला येत नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेलो. हाताला पितळेचा वास होता, म्हणून हात मागेच ठेवले आणि वाकून तिच्या कपाळावर ओठ टेकले. आशीर्वादाचे शब्द सुचले नाहीत. "सुखात राहा," एवढंच म्हणालो. तिने डोळे पुसले, माझ्याच कोटाच्या बाहीला, आणि म्हणाली, "उद्या रविवारी अकराला. तू अर्धा तास आधी ये. पुढच्या बाकावर बस."

जिन्यात आल्यावर मी विचारलं, "मुके घेतो, आशीर्वाद देतो, आणि मग?"

"मग काय, आपल्या घरी परत जातो," ती वरून म्हणाली. "संपलं."

मी आपल्या घरी परत आलो. उन्हं अजून होती. पुढच्या खोलीत भिंतीवर तो उजळ चौकोन आणि चार भोकं. खुर्चीत बसावंसं वाटलं नाही. उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात गेलो. स्टूल ओट्याखाली होतं, ते बाहेर काढून समोर ठेवलं आणि मी जमिनीवर बसलो. बोलायचं होतं. बऱ्याच वेळाने जमलं.

"अगं," मी म्हणालो, "त्या कोरणीचं टोक घासून पुन्हा काढता येतं. दहा मिनिटांचं काम असतं. मी ते त्याच दिवशी संध्याकाळी करून टाकलं होतं."